समजून घ्या : आमदाराचे काम आकड्यांत मोजता येते का? बाबासाहेबांच्या 'प्रगतीपुस्तका'तून उत्तर

अधिवेशन संपले की व्हॉट्सॲपवर तक्ते फिरू लागतात. कोणत्या आमदाराने किती तारांकित प्रश्न विचारले, किती लक्षवेधी मांडल्या, हजेरी किती टक्के. तळाशी एक क्रमांक असतो. पनवेल, कर्जत, उरण, पेण, अलिबाग, श्रीवर्धन आणि महाड या रायगडच्या सात मतदारसंघांत त्या क्रमांकावरून आठवडाभर वाद चालतो.

समजा, याच पद्धतीने ८५-९० वर्षांपूर्वीच्या एका लोकप्रतिनिधीचे प्रगतीपुस्तक भरले तर? हा सदस्य १९२७ पासून मुंबई प्रांताच्या सभागृहात होता आणि त्याच्या कामाचा मोठा भाग आपल्या किनाऱ्याशी, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याशी जोडलेला होता. नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. त्यांच्या तक्त्यातला सर्वांत ठळक आकडा शून्य आहे. तो शून्य का आला आणि त्यातून आजच्या तक्त्यांबद्दल काय कळते, ते पाहू.

आमदाराचे प्रगतीपुस्तक म्हणजे काय?

साधारण चार गोष्टी मोजल्या जातात: सभागृहातली हजेरी, विचारलेले प्रश्न, चर्चेतला सहभाग आणि स्वतः मांडलेली अशासकीय विधेयके. मुंबईत प्रजा फाउंडेशन ही संस्था शहरातल्या आमदारांची अशी प्रगतीपुस्तके प्रसिद्ध करते. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था संसद आणि राज्यांच्या विधिमंडळांच्या कामकाजाची माहिती ठेवते.

अमेरिकेत याच्या पुढचे पाऊल टाकले गेले आहे. क्रेग व्होल्डन आणि ॲलन वाइजमन या दोन राज्यशास्त्रज्ञांनी कायदे घडवण्याच्या क्षमतेचा गुणांक तयार केला. विधेयक मांडले, समितीत त्यावर काम झाले, समितीबाहेर आले, सभागृहात मंजूर झाले, कायदा झाला, असे पाच टप्पे ते मोजतात. नुसते औपचारिक विधेयक, नेहमीचे विधेयक आणि फार महत्त्वाचे विधेयक यांना वेगवेगळे वजन देतात. पाच टप्पे आणि तीन प्रकार मिळून १५ निर्देशक होतात. सरासरी सदस्याचा गुणांक १ येईल अशी मांडणी असते.

ही पद्धत बाबासाहेबांच्या मुंबईतल्या कारकिर्दीला लावून पाहू. त्यासाठी आधी ती कारकीर्द माहीत हवी.

सभागृहात येईपर्यंतचा प्रवास

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. घराण्याचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातले. म्हणजे सावित्री ओलांडली की रायगडच्या पलीकडच्या काठाला. वडील रामजी लष्करात सुभेदार होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ मध्ये बी.ए. झाल्यावर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९२३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. मिळवून आणि बॅरिस्टर होऊन ते परतले.

ते घटनाकार म्हणून सर्वांना माहीत आहेत. पण मूळ शिक्षण अर्थशास्त्राचे होते, हे इथे महत्त्वाचे. १९१८ मध्ये त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान म्हणून शेती तोट्यात, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. त्यांचे म्हणणे वेगळे होते. नुसत्या एकरांच्या आकड्यावरून शेती परवडते की नाही हे ठरत नाही. त्या जमिनीवर किती माणसे, किती अवजारे आणि किती भांडवल लागले आहे, त्या प्रमाणावर ते ठरते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

पहिले अधिवेशन : आकडे घेऊन आलेला सदस्य

१९२६ च्या अखेरीस गव्हर्नरांनी त्यांची मुंबई कायदे कौन्सिलवर नियुक्ती केली. दलितांचे प्रतिनिधी म्हणून तिथे ते आणि डॉ. पुरुषोत्तम सोळंकी असे दोघेच नियुक्त सदस्य होते. फेब्रुवारी १९२७ मध्ये बाबासाहेबांनी शपथ घेतली आणि त्याच महिन्यात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले.

१२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले. ते भाषण म्हणजे आकडेवारीचा नमुनाच आहे. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि दारूवरील अबकारी करातून दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै धरून हिशेब केला तर वसुली खर्चाच्या जवळजवळ अडीच पट निघते. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी १८ च चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, हेही त्यांनी दाखवून दिले.

आजच्या तक्त्यात या भाषणाची नोंद 'चर्चेत सहभाग : १' एवढीच झाली असती.

महाड : ठराव मंजूर, पाणी बंद

या भाषणानंतर आठ दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर होते. तिथे ते का गेले, याचे उत्तर सभागृहाच्याच कागदांत सापडते.

रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात एक ठराव मांडला होता. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेली आणि चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असताना जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही त्याला अनुसरून ठराव केला.

कागदावर काम पूर्ण झाले होते. प्रत्यक्षात तळ्याचे पाणी बंदच राहिले. बोले यांच्या ठरावापासून सत्याग्रहाच्या दिवसापर्यंत साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला. सत्याग्रहानंतर नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला आणि प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ठरावापासून निकालापर्यंत १३ वर्षे आणि ७ महिने.

प्रगतीपुस्तकात बोले यांच्या नावापुढे 'ठराव मंजूर' अशी नोंद पडली असती. त्या ठरावामुळे महाडमध्ये किती ओंजळी पाणी प्यायले गेले, हा रकाना तक्त्यात नसतो. मंजुरी आणि अंमलबजावणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा पहिला धडा.

पहिले मोठे विधेयक : महार वतन

१९२८ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतनदाराला गावकी आणि सरकारी कामासाठी केव्हाही हाक मारली जाई. मोबदल्यात थोडी इनाम जमीन आणि गावाकडून बलुते मिळे. काम एकट्याचे नसे, सारे घर त्यात जुंपले जाई. हे बंधन सुटावे, मोबदला नियमित व्हावा आणि ज्याला वतन नको त्याला मोकळे होता यावे, असा विधेयकाचा रोख होता.

विधेयक चिकित्सा समितीकडे गेले. तिथून त्याचे रूप असे झाले की १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतले. तक्त्यातली नोंद : मांडले १, कायदा ०. मुंबई राज्यात कनिष्ठ ग्राम वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा आहे. तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

हजेरी किती टक्के?

१९३० ते १९३२ या काळात लंडनला तीन गोलमेज परिषदा झाल्या आणि बाबासाहेब तिन्हींना हजर होते. बोटीचा प्रवास धरून दर खेपेला काही महिने जात. या दिवसांत मुंबईच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे खूण कशी असणार?

पण याच काळातल्या वाटाघाटींचा शेवट २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात झाला आणि त्यानुसार मुंबई प्रांताच्या विधानसभेत दलितांसाठी १५ राखीव जागा ठरल्या. कौन्सिलात दोन नियुक्त सदस्य होते, तिथे १५ निवडून आलेले आले. हजेरीच्या टक्क्यात हे दिसत नाही.

त्याआधी १९२८ मध्ये ते सायमन कमिशनला मदत करणाऱ्या मुंबईच्या प्रांतिक समितीत होते. समितीच्या अहवालावर त्यांनी सही केली नाही. मे १९२९ मध्ये स्वतंत्र अहवाल दिला आणि त्यात सर्व प्रौढांना मताधिकार मागितला. मतांच्या हिशेबात ते एकटे पडले होते. प्रौढ मताधिकार देशाला मिळाला तो १९५० च्या राज्यघटनेने.

खोती म्हणजे काय होते?

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. खोत हा सरकार आणि शेतकरी यांच्या मधला माणूस. गावाचा ठरलेला सारा तो सरकारात भरायचा आणि कुळांकडून आपल्या हिशेबाने वसूल करायचा. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत ही पद्धत खोलवर रुजली होती. १८८० च्या खोती कायद्याने तिला चौकट दिली, पण मधला माणूस तसाच राहिला.

भातपिकाचा मोठा वाटा खोताच्या कोठारात जाई. वर वेठ होतीच. खोताच्या घरचे काम, खोताच्या शेतावरचे काम, बिनपैशांचे. अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यात तर समुद्राचे पाणी अडवणारे बांध फुटले की ते घालायचे कुळाने, चिखलात उतरायचे कुळाने आणि जमीन मात्र दुसऱ्याच्या नावावर.

२५ गावांचा संप

१९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचीच नाही, असे ठरवले. नेतृत्व होते नारायण नागू पाटील यांचे. हा संप २५ गावांत पसरला आणि १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे शेत पडीक ठेवायचे म्हणजे काय, हे भातावर जगणाऱ्या घरालाच कळेल. लोक मिळेल ती मजुरी करत, लाकूडफाटा विकत दिवस काढत राहिले.

बाबासाहेब या लढ्याच्या बाजूने उभे राहिले. १९३४ मध्ये चरीला झालेल्या शेतकरी परिषदेचे ते अध्यक्ष होते. महाडच्या सत्याग्रहापासून त्यांच्यासोबत असलेले अनंतराव चित्रे इथेही होते. एका बाजूला आगरी कूळ, दुसऱ्या बाजूला महार शेतमजूर आणि दोघांसमोर एकच खोत. ही जुळणी कुलाब्यात झाली आणि तिचे रूप पुढे पक्षात दिसले.

१९३७ : बाबासाहेब आमदार होतात

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक निवडून आले. महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हेही त्यात होते. बाबासाहेब स्वतः भायखळा-परळ भागातून उभे राहिले. समोर काँग्रेसचे उमेदवार होते प्रसिद्ध क्रिकेटपटू पालवणकर बाळू. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली.

विधानसभेत एकूण जागा १७५ होत्या. काँग्रेसला ८६ मिळाल्या आणि पुढे बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. महसूल खाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. स्वतंत्र मजूर पक्षाचे सगळे आमदार मोजले तरी ते सभागृहाच्या एक दशांशाहून कमी भरत होते.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी याच सभागृहात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. सरकार आणि प्रत्यक्ष कसणारा यांच्यामधला खोत काढून टाकायचा, खोताला भरपाई द्यायची आणि कसणाऱ्याला जमिनीवर हक्क द्यायचा, असा त्याचा गाभा होता.

१० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्यात कोकणातून आलेले शेतकरी मोठ्या संख्येने होते. तरीही विधेयक पुढे सरकले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी औद्योगिक तंटा विधेयकाला विरोध केला, कारण त्यातून कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधन येत होते. ते विधेयक बहुमताने मंजूर झाले आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत त्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. नोव्हेंबर १९३९ मध्ये, महायुद्ध सुरू झाल्यावर, काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. खोती विधेयक तसेच राहून गेले.

तक्ता भरू या

मुंबईच्या सभागृहातली १९२७ ते १९३९ ही वर्षे आजच्या नमुन्यात भरली तर चित्र असे दिसते:

▪ महार वतन दुरुस्ती विधेयक : मांडले १९२८, मागे घेतले १९२९
▪ खोती निर्मूलन विधेयक : मांडले १९३७, पुढे सरकले नाही
▪ या दोन्हींतून झालेले कायदे : ०
▪ औद्योगिक तंटा विधेयक : विरोधात, हरलेल्या बाजूला
▪ प्रांतिक समितीचा अहवाल : सही नाही, स्वतंत्र मत
▪ हजेरी : गोलमेज परिषदांच्या काळात खंडित

या तक्त्यावरून क्रमांक लावला तर बाबासाहेब कुठे बसले असते, हे सांगायला नको.

तोच माणूस, खुर्ची वेगळी

इंजिनीअरिंगमध्ये एखाद्या यंत्राचे आउटपुट मोजताना आधी विचारतात की इनपुट काय दिले होते. मग बाकी सगळे तेच ठेवून एक गोष्ट बदलायची आणि निकाल बघायचा. बाबासाहेबांच्या आयुष्यात हा प्रयोग आपोआप झाला.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले, म्हणजे आजच्या भाषेत कामगार मंत्री. त्यांच्या कार्यकाळात, १९४६ मध्ये, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतल्या कामाची कमाल मर्यादा आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. ज्यांचे मुंबईतले विधेयक दोन वर्षे जागचे हलले नव्हते, त्यांनीच मांडलेले विधेयक आता काही महिन्यांत कायदा झाले.

माणूस तोच, अभ्यास तोच, कामगारांबद्दलची भूमिका तीच. बदलली ती खुर्ची. याचा अर्थ, १९३७ च्या शून्यात बाबासाहेबांच्या क्षमतेपेक्षा त्यांच्या बाकाचे मोजमाप जास्त होते.

उलटा पुरावाही त्यांच्याच आयुष्यात आहे. १९४७ ते १९५१ ते देशाचे कायदा मंत्री होते, तरी हिंदू कोड बिल अडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तेच कायदे तुकड्यांनी १९५५-५६ मध्ये मंजूर झाले. खुर्ची मिळाली तरी सभागृहातले बहुमत सोबत नसेल तर गुण मिळत नाहीत.

१९१८ च्या निबंधातला मुद्दा इथे आठवतो. एकरांचा आकडा एकटा काही सांगत नाही, सोबत कोणती साधने होती ते पाहावे लागते. विधेयकांच्या आकड्याचेही तेच आहे.

मग आकडे मोजूच नयेत का?

मोजावेत. पण अपेक्षेच्या शेजारी ठेवून मोजावेत. व्होल्डन आणि वाइजमन हेच करतात. सदस्य बहुमतातल्या पक्षाचा आहे का, समितीचा अध्यक्ष आहे का, किती वर्षे सभागृहात आहे, हे पाहून ते एक अपेक्षित गुणांक काढतात आणि सदस्य त्याच्या वर आहे की खाली, ते सांगतात. म्हणजे नवख्या विरोधी आमदाराची तुलना मंत्र्याशी होत नाही.

आपल्याकडे ही दुरुस्ती जास्तच गरजेची आहे. संसदेत स्वातंत्र्यानंतर फक्त १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले आणि त्यातला शेवटचा १९७० चा आहे. जिथे जवळपास सगळ्यांचाच आकडा शून्य, तिथे शून्य पाहून माणसा-माणसांत फरक करता येत नाही.

मतदानाची नोंद तपासता येईल का?

फारशी नाही. दोन कारणे आहेत. पहिले, आपल्या विधानसभेत बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. कोणी मतविभागणी मागितली तरच कोण कोणत्या बाजूला होते याची नोंद राहते. दुसरे, १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीमुळे पक्षाचा व्हीप मोडणाऱ्या आमदाराची आमदारकी जाऊ शकते. सगळे एकाच बाजूला मत देणार हे आधीच ठरलेले असेल तर त्या मताच्या नोंदीतून आमदाराबद्दल नवी माहिती मिळत नाही. अमेरिकेत मतांच्या नोंदीवरून सदस्याची भूमिका आलेखावर मांडतात. इथे तो आलेख काढला तर बहुतेक ठिपके दोनच जागी गोळा होतील, सरकारचे बाक आणि विरोधकांचे बाक.

श्रेय कोणाचे?

मुंबई खोती निर्मूलन कायदा १९४९ चा. तो मे १९५० मध्ये लागू झाला. विधेयक मांडल्यापासून कायदा होईपर्यंत १२ वर्षे गेली आणि तो केला १९३७ मध्ये ज्यांचे सरकार होते त्याच काँग्रेस पक्षाच्या सरकारने.

प्रौढ मताधिकाराला १९२९ च्या मागणीपासून २१ वर्षे लागली, वतनाला ३०. तिन्हींची सरासरी २१ वर्षे येते. विधानसभेची मुदत पाच वर्षांची, म्हणजे चार मुदती उलटून गेल्यावरचा निकाल. पाच वर्षांच्या तक्त्यात तो मावणे शक्यच नाही.

पण इथे सावध राहायला हवे. ही तीन उदाहरणे आपण आज, निकाल माहीत असताना, वेचून घेतली आहेत. जे विधेयक पडले ते काळाच्या पुढचे होते, असा नियम यातून निघत नाही. पडलेली आणि नंतर कोणालाही न आठवलेली विधेयके कितीतरी असतात. १९४९ च्या कायद्यामागेही एकटे विधेयक नव्हते. सहा वर्षे शेत पडीक ठेवणारी चरीची माणसे होती, नारायण नागू पाटील होते, त्यांनी १९३७ मध्ये सुरू केलेले 'कृषीवल' होते आणि ज्यांनी शेवटी कायदा केला ते सरकारही होते. कोणाचा वाटा किती टक्के, हे कोणतेही सूत्र सांगू शकत नाही. विधेयकाने एक काम मात्र नक्की केले. गावातल्या भांडणाला कायद्याच्या कलमांचे रूप दिले. ते कागद पुढच्यांना उपलब्ध राहिले.

तुमच्या आमदाराचा तक्ता वाचताना हे पाच प्रश्न विचारा

▪ ते कोणत्या बाकावर आहेत? मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. त्यांची तुलना प्रश्नांच्या संख्येवर करता येत नाही.
▪ प्रश्न कशाबद्दल आहेत? एकाच प्रश्नावर अनेक आमदारांची नावे असतात. संख्या मोजण्यापूर्वी विषय वाचा. खारबंदिस्ती, मच्छीमार, भूसंपादन, महामार्ग यांतले काय विचारले?
▪ आश्वासनाचे पुढे काय झाले? महाडचा ठराव आठवा. मंजुरीची तारीख आणि प्रत्यक्ष कामाची तारीख शेजारी लिहा.
▪ तक्त्यात काय नाही? समितीतले काम, विधेयकात करून घेतलेली दुरुस्ती, रोखून धरलेली वाईट तरतूद, सभागृहाबाहेरचे संघटन. हे रकाने सहसा नसतात.
▪ तुलना कोणाशी आहे? त्याच पक्षाच्या, त्याच अनुभवाच्या, त्याच बाकावरच्या आमदाराशी केली तरच क्रमांकाला अर्थ आहे.

हे प्रश्न कमी काम करणाऱ्या आमदाराला पळवाट देण्यासाठी नाहीत. विरोधी बाकावर असूनही बाबासाहेबांनी शाळेतल्या १८ आणि ८२ मुलांचा हिशेब सभागृहापुढे ठेवला होता. विधेयकाचा मसुदा कलमांसह मांडला होता. बहुमत नव्हते, पण गृहपाठ होता. तो आजही तपासता येतो. त्यांची मुंबईच्या सभागृहातली भाषणे महाराष्ट्र शासनाने खंडरूपाने छापली आहेत आणि आजच्या विधानसभेच्या कामकाजाचीही नोंद ठेवली जाते. क्रमांक पाहण्याऐवजी आपल्या आमदाराचे एक भाषण पूर्ण वाचले तर जास्त कळेल.

थोडक्यात

बाबासाहेबांचे निधन ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. कूळकायद्यानुसार कसेल त्याला जमीन देणारा कृषी दिन, १ एप्रिल १९५७, त्यांनी पाहिला नाही. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. आता अलिबाग, पेण, उरणच्या पट्ट्यात जमिनीच्या व्यवहारासाठी लोक जुने फेरफार काढतात. मागे मागे जात राहिले की अनेक गावांत कधीतरी खोताचे नाव येते आणि त्यानंतरच्या नोंदीत कसणाऱ्याचे. विधेयक १९३७ चे, कायदा १९४९ चा, नोंद त्यानंतरची. आमदाराच्या कामाचा हिशेब करायचा तर तलाठ्याच्या दप्तरातला हा कागदही विधिमंडळाच्या तक्त्याशेजारी ठेवावा लागेल.